अंगण उखडलं तो दिवस

वाकडच्या एका लहान ऑफिसात मी नोकरी करते. इमारत कमी पाण्यात, कमी विजेत चालावी म्हणून बांधणाऱ्याला सल्ला द्यायचा आणि शेवटी तिला ‘ग्रीन’ प्रमाणपत्र मिळवून द्यायचं, हे आमचं काम. आमच्या बहुतेक इमारती काचेच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या. त्यांच्या बैठका इंग्रजीत होतात आणि तिथे मला गप्प बसणं जमून जातं. नंतर मुद्देसूद मेल लिहिला की तुम्ही काहीच का बोलला नाहीत, असं कोणी विचारत नाही.

कुरुळी गावचं काम माझ्याकडे आलं, कारण दुसऱ्या कुणाला ते नको होतं. कामगार मुलींसाठीचं तीन मजली वसतिगृह. मालक गावातल्या जुन्या घरातले, साठीच्या पुढचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. जवळच्या एका कारखान्याने त्यांना लेखी कळवलं होतं, की प्रमाणपत्र मिळालं तर अख्खी इमारत आमच्या मुलींसाठी भाड्याने घेऊ, नाहीतर नाही. त्या मुली तोवर गावातल्या पत्र्याच्या खोल्यांत राहत होत्या, एकेका खोलीत सहा-सहा जणी. पहिली पाळी सुटली की त्यातल्या काही फाटकाशी थांबून वर बघायच्या. एकीने मला एकदा विचारलं, “ताई, हे मिळेल ना आम्हाला?” मी हसले फक्त. नक्की नसलेली गोष्ट मी बोलत नाही.

माझ्या शाळेत मराठी बोललं की वहीत शेरा यायचा. त्यामुळे मराठी घरापुरती उरली आणि कामाचे सगळे शब्द इंग्रजीत शिकले गेले. साइटवर गेल्यावर कळलं की मी कागदावर ज्याला भलंमोठं नाव देते त्याला इथे नुसतं शोषखड्डा म्हणतात. ठेकेदार बीडकडचे. ते मला मॅडम म्हणायचे आणि माझ्यासमोर अण्णांना सांगायचे, “मॅडम बोलत नाहीत, फोटो काढतात.” खरंच होतं ते. भिंतीच्या पोकळ विटा, गच्चीवर ऊन परतवणारे पांढऱ्या फरशीचे तुकडे, अर्धंच पाणी सोडणारी संडासाची टाकी, सगळ्याचे फोटो काढून मी फाइलला जोडत गेले. गच्चीचं पाणी पाइपातून खाली येऊन बोअरजवळच्या शोषखड्ड्यात उतरायचं आणि अंगणात पडणारं तिथल्या मातीतच मुरायचं. पावसाचं पाणी असं जमिनीत मुरवायची अट सक्तीची होती. बाकी सगळं चोख असलं तरी एवढं नसेल तर फाइल तिथेच बंद.

पावसाळा संपत आला तेव्हा तपासणीची तारीख आली. आदल्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, शेवटची नजर टाकायला मी गेले आणि फाटकातच थांबले.

अंगण नाहीसं झालं होतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत लाल-करडे ब्लॉक बसवलेले, त्यांच्या फटी सिमेंटने भरलेल्या, कडेला चुन्याची पांढरी पट्टी. शोषखड्ड्याचं झाकण कुठे आहे तेही कळत नव्हतं. पाइपाचं तोंड वळवून रस्त्याकडे काढलं होतं. फक्त बोअरजवळ हातभर माती उरली होती आणि तिथेही एक माणूस ब्लॉक घेऊन बसला होता. अण्णा नवी टोपी घालून उभे होते. खुर्चीवर शाल आणि नारळ.

“कसं दिसतंय, ताई?”

आमच्याकडे कोणी मोठं माणूस येणार असलं की आधी जमीन झाकतात. शाळेत पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी अंगण सारवतात, मंत्री येणार म्हणून रस्त्यावर डांबर पडतं. अण्णांनी तेच केलं होतं, आणि मनापासून केलं होतं.

“अण्णा, हे काढावं लागेल,” मी म्हणाले.

“काय काढावं लागंल?”

“सगळे ब्लॉक.”

ठेकेदार हसले. “घ्या. मॅडम बोलल्या, आन् काय बोलल्या. सकाळपासून आठ माणसं राबायलेत इथं.”

“आवं ताई, बाहेरगावचा साह्येब यायचा,” अण्णा म्हणाले, “त्याला काय चिखलातनं न्यायचा व्हय? गाव काय म्हनंल आमाला?”

मी नियम सांगितला. सक्तीची अट सांगितली, गुण सांगितले. माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता. अण्णा तोंड फिरवून म्हणाले, “नियम तुमच्याजवळ ठेवा. पानी काय, जातंय की वाटंला.”

एरवी मी ऑफिसात परतून मेल लिहिला असता. पण अण्णा मेल वाचत नव्हते आणि उद्यापर्यंत सिमेंट धरलं असतं. मी टाकीजवळची बादली भरली आणि ब्लॉकवर ओतली. पाणी चुन्याची पट्टी ओलांडून फाटकाबाहेर गेलं आणि रस्ता उतरून ओढ्याच्या दिशेने वाहू लागलं. दुसरी बादली मी बोअरजवळच्या मातीवर ओतली. पाणी क्षणभर साचलं, बुडबुडे आले, आणि माती पुन्हा नुसती ओली दिसू लागली.

“तुमचा बोअर कधी आटतो, अण्णा?”

“शिमगा झाला की.” ते मातीकडेच बघत होते. “मंग टँकर.”

“इथे पंचवीस मुली राहणार आहेत. रस्त्यावर गेलेलं पाणी शिमग्यानंतर परत येणार नाही.”

अण्णांनी टोपी काढून शालीवर ठेवली. मग ठेकेदारांना म्हणाले, “भाऊ, पहार आना.”

“अण्णा, राव, आत्ता तर बसवलेत.”

“म्हनूनच म्हंतो, वलं हाय तवर निघंल.”

संध्याकाळ होईपर्यंत ब्लॉक निघाले. पाइप पूर्वीसारखा खड्ड्याकडे वळवला. फाटकापासून दारापर्यंत चालण्यापुरती एक पट्टी ठेवली, तीही फटी मोकळ्या ठेवून. शेवटी मीही दोन ब्लॉक उचलले. ठेकेदार म्हणाले, “मॅडम, ह्याचा फोटो कोण काढणार?”

दुसऱ्या दिवशी तपासणीसाठी रिक्षातून उतरल्या त्या पन्नाशीच्या एक बाई, पायात कापडी बूट. अण्णा क्षणभर त्यांच्या मागे साहेबांना शोधत राहिले. बाईंनी गच्ची पाहिली, टाक्या पाहिल्या, आणि खाली आल्यावर अंगणातल्या सिमेंटच्या डागांपाशी थांबल्या.

“इथे काय झालं होतं?”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं सांगणं सोपं होतं. “काल सकाळी ब्लॉक बसवले होते,” मी म्हणाले, “आम्ही ते काल संध्याकाळी काढले.”

“का?”

मी तोंड उघडणार, तोच अण्णा पुढे झाले. गच्चीचं पाणी कुठल्या पाइपातून येतं, खड्ड्यात आधी दगड, मग खडी, मग वाळू कशी भरली, बोअर किती हातांवर आहे, सगळं त्यांनी हातवारे करत सांगितलं. गेले आठ महिने मी हेच सांगत होते आणि ते ऐकत नाहीत अशी माझी समजूत होती. शेवटी म्हणाले, “झाकलं असतं तर पानी गेलं असतं, बाई. चिखुल राहू द्या, पानी राहील.” बाईंनी लिहून घेतलं. शाल-नारळ नियमात बसत नाही म्हणून घेतला नाही, चहा मात्र दोनदा घेतला.

निकालाचा मेल आला तेव्हा मी कासारवाडी स्टेशनच्या जिन्यावर होते. प्रमाणपत्र मंजूर, आणि पावसाच्या पाण्यासाठी पैकीच्या पैकी गुण. लोक दोन्ही बाजूंनी जात होते, मी तिथेच उभी राहून अण्णांना फोन लावला. मी कुणाला आपणहून फोन करत नाही.

“अण्णा, मिळालं.”

पलीकडे ते घरात कोणालातरी सांगू लागले, “आगं, मिळालं म्हंत्यात. ताईंचा फोन हाय.”

दिवाळीच्या आधी मुली राहायला आल्या. टेम्पोत ट्रंका, गाद्या, एक शिलाई मशीन. अण्णांच्या घरच्यांनी दारात सगळ्यांवरून भाकरतुकडा ओवाळला. मुलींनी नळ सोडून बघितले, खिडक्या उघडल्या, कोणती खाट कुणाची यावरून भांडल्या. फाटकाशी मला विचारणारी ती मुलगी दुसऱ्या मजल्यावरून ओरडली, “ताई, वर या की, वारा बघा.” मी गेले.

अडीचला दुसऱ्या पाळीच्या मुली डबे घेऊन निघाल्या. जाताना एकेका खोलीतून शेवटी निघालेल्या मुलीने आपल्या खोलीला कुलूप लावलं आणि ते नीट लागलंय का, हे दोनदा ओढून पाहिलं.