आत्याचा तपास

माझ्या आत्यानं जितके चुकीचे गुन्हेगार पकडलेत, तितके अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात कुणी पकडले नसतील, हे मी शपथेवर सांगतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ती आमच्याकडं अणदूरला असते आणि विनोदी रहस्यकथांवर जगते. पोलीस सोडून बाकी सगळे, म्हणजे लोणचेवाली, पेन्शनर पोस्टमन, भजनातला पेटीवाला, खुनाचा तपास करतात, असल्या कादंबऱ्या. चाळिसाव्या पानाला ती समासात पेन्सिलीनं गुन्हेगाराचं नाव लिहिते आणि मग साक्षात ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही. शेवटी भलताच कुणी निघाला की चष्मा काढून म्हणते, "लेखकाचं चुकलंय. ऐनवेळी कच खाल्ली बघ त्यानं." एका लेखकाला तर तिनं चार पानी पत्र धाडून खरा खुनी कळवला होता. उत्तर आलं नाही, तेव्हा म्हणाली, "पटलं वाटतं त्याला."

पुस्तकं संपली की संक्रांत घरावर. डब्यातला गूळ कोण खातं हे शोधायला तिनं एकदा स्वयंपाकघरात पीठ भुरभुरून ठेवलं. सकाळी पिठात पावलं उमटली ती तिचीच, तरी गुन्हेगार म्हणून धरलं माझ्या वडिलांना. का, तर त्यांचं नाव आधीच लिहून झालं होतं!

गेल्या नवरात्रात मात्र चेष्टा राहिली बाजूला. पाचव्या माळेला देवघरातला खंडोबाचा चांदीचा टाक दिसेना. नखाएवढाच, पण पणजोबांपासून पुजलेला. घर उलथंपालथं केलं, आणि मग आईची नजर भांडी घासायला येणाऱ्या शांताबाईवर गेली. बारा वर्षं येत होती बिचारी, कधी चमचा इकडचा तिकडं झाला नव्हता. तरी काका तिच्या घराची झडती घ्यायला पायात चपला घालून तयार! शांताबाई साबणाच्या हातांनी मोरीत उभी.

आत्या दारात आडवी उभी राहिली. "शांता न्हाय. झडतीच घ्यायची ना? आधी माझ्या ट्रंकेची घ्या, मग तुमच्या समद्यांच्या कपाटांची. तिचं घर सगळ्यात शेवटी."

"वन्सं, तुमचा अंदाज आजवर कधी बरोबर आलाय का?" आई चिडून म्हणाली.

"न्हाय आला. तरी बी शांता न्हाय."

काकांनी मुकाट्यानं चपला काढल्या. पण व्हायचं ते झालंच. शांताबाईनं आमचं काम सोडलं, गावात कुजबुज झाली आणि आणखी दोन घरांनी तिला येऊ नको म्हणून सांगितलं. आत्या हट्टाला पेटली. रोज सकाळी शांताबाईच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी ऐसपैस बसून चहा पिऊ लागली. कुणी बघून मान वळवली की हाक मारून त्यालाही चहाला बोलवायची.

दसऱ्याला घट उठवले. उगवलेला गहू उपटताना मुळांच्या जाळीत काहीतरी चकाकलं. टाक! घटाशेजारी देव मांडलेल्या विड्याच्या पानावरून घसरून घटाच्या मातीत पडलेला, रोजच्या पाण्यानं आत रुतलेला. नवरात्रात घट हलवायचा नसतो, म्हणून नेमकी तेवढीच जागा कुणी शोधली नव्हती.

"आत्या, तुमाला घटाचं कळलं होतं व्हय?" मी विचारलं.

"कुठलं कळतंय! मला तुझ्यावर संशय होता."

"मग शांताबाई न्हाय, हे एवढं छातीठोक?"

"अरे, समदे एका बाजूला झाले, मग तिच्या बाजूला एक तरी माणूस नको?" एवढं बोलून ती पदरानं टाक पुसत बसली.

आई त्याच संध्याकाळी आपट्याचं सोनं घेऊन शांताबाईकडं गेली आणि तिथं रडली. शांताबाईनं सोनं घेतलं, आईला कुंकू लावलं. कामाला मात्र परत आली नाही. आता आमची भांडी आईच घासते. आत्या चहाला निघाली की आई तिच्या हाती कधी थालीपीठ, कधी शेंगाचटणी असा डबा देते. आमच्याकडं कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. शांताबाईकडून तो लख्ख घासून येतो, पण रिकामा. आई झाकण उघडून बघते आणि डबा फळीवर ठेवून देते. मला फार वाईट वाटतं.

"तू धाडत राहा," आत्या तिला ठासून सांगते. "येईल एक दिवस साखर."

तिचा हा एक तरी अंदाज बरोबर यावा.