माउस सापडत नव्हता ती दुपार

लिनक्सच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. आमच्या मासेमार सोसायटीचा जुना कॉम्प्युटर भंगारात निघाला होता, तेव्हा त्यावर लिनक्स टाकून तो मीच उठवला. माझे काका सोसायटीचे जुने सभासद. ते तेव्हा म्हणाले, "मेलेली होडी पाण्यात घातलीस गो पोरी." मग कॉम्प्युटरचं जे काही निघेल ते माझ्या गळ्यात पडू लागलं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

त्या दिवशी मात्र गंमत नव्हती. अंधेरीच्या पश्चिमेला, खाडीच्या तोंडाशी आमचा कोळीवाडा. त्याच्या हद्दीचा नकाशा पाच वाजेपर्यंत सरकारी साइटवर चढवायचा होता. बोंबील वाळवायची आमची जागा त्यात आली नाही, तर कागदोपत्री ती मोकळी जमीन ठरणार, आणि मोकळी जमीन अंधेरीत फार दिवस मोकळी राहत नाही. माझा कंपनीचा लॅपटॉप बाहेरच्या फाइलला हात लावू देत नाही, म्हणून सुट्टी टाकून मी अकराला सोसायटीत बसले. उपग्रहाच्या फोटोवर माउसने रेघ ओढायची, की झालं. अर्ध्या तासाचं काम.

आणि माउसच चालेना.

कीबोर्ड चालत होता. तो जुना, गोल पिनवाला. मी कमांड देऊन यूएसबीची यादी काढली. तिच्यात माउस नव्हता. काढून पुन्हा घातला, पुढे घातला, मागे घातला. सिस्टिमच्या नोंदींत एक ओळ उमटेल तर शपथ. शेजारच्या ऑफिसातून दुसरा माउस आणला, तोही तसाच. दोन माउस एकाच दिवशी मरत नाहीत, म्हणजे दोष सिस्टिममध्येच, असं मी ठरवलं आणि स्वतःवर खूश झाले.

काका दारात जाळं विणत बसले होते. म्हणाले, "पिन बघ ना एकदा."

"काका, हे सॉफ्टवेअरचं आहे. तुम्ही जाळं बघा."

मी ड्रायव्हर काढून पुन्हा चढवला. लिनक्सचा जुना गाभा, म्हणजे कर्नल, लावून बघितला. बायोस उघडून यूएसबीचं एकेक सेटिंग तपासलं. दोन्ही माउसच्या पोटाखालचा लाल दिवा लागत नव्हता, म्हणजे त्यांना वीजच पोचत नव्हती. पहिलीतल्या मुलानेही आधी तेच पाहिलं असतं. मी स्क्रीनवरून नजर हटवली नाही. अडीच वाजले. ती जागा माझ्या हातून जाणार अशी भीती वाटली, आणि भीती वाटली की मला राग येतो. मी वायर हिसकली. पिन हातात आली ती बुळबुळीत. वास घेतला. ग्रीस.

"काका, याला काय लावलंय?"

"ग्रीस. कालच लावलं." त्यांनी जाळ्यातून मानही वर केली नाही. "खाऱ्या हवेत पिन उघडी ठेवतात काय? बोटीच्या बॅटरीला लावतो तेच हाय. मागची-पुढची सगळी भोकं भरून टाकली."

"मग मघाशीच का नाही सांगितलंत?"

"पिन बघ म्हटलं ना. तू म्हणालीस, जाळं बघा."

मी मशीन बंद केलं, प्रथमोपचाराच्या डब्यातलं स्पिरिट घेतलं आणि काडीला कापूस गुंडाळून आम्ही दोघं एकेक भोक साफ करत बसलो. काकांनी ग्रीस अगदी मन लावून भरलं होतं. सव्वाचारला मशीन चालू केलं, माउस लावला. लाल दिवा लागला, नोंदींत नवी ओळ आली, बाण हलला. मला इतका आनंद झाला की मी काकांची पाठ थोपटली.

फोटोत बोंबलांच्या वलांड्या, म्हणजे वाळवणाचे बांबूचे मांडव, स्पष्ट दिसत होत्या. मी त्यांच्या कडेकडेने झपाझप रेघ ओढली. तेवढ्यात काकू मासळीबाजारातून रिकामी पाटी घेऊन आली आणि माझ्या मागे उभी राहिली.

"ही आपली जागा?"

"हो."

"अर्धीच?"

"फोटोत एवढीच आहे, काकू."

"फोटो पावसाआधीचा असंल. तवा दर्याकडच्या वलांड्या आपण काढून ठेवतो, नायतर वाऱ्याने जातात." तिने स्क्रीनवर बोट ठेवलं आणि मोकळ्या करड्या पट्ट्यावरून थेट बांधापर्यंत नेलं. "हितवर."

मी रेघ पुसली आणि तिच्या बोटामागून माउस नेला. पाचला दहा कमी असताना नकाशा चढला.

घरी जाताना काका खजील झाले होते. म्हणाले, "मी ग्रीस लावलं नसतं, तर तू बाराच्या आत मोकळी झाली असतीस."

झाले असते. बारा वाजता काकू बाजारात होती. ज्या बाईने जन्मभर त्या जागेत बोंबील वाळत घातले, तिला फोन करून विचारावं हे मला सुचलंही नसतं. अर्धी जागा मी माझ्या हाताने सोडून दिली असती, आणि वर अर्ध्या तासात काम केलं म्हणून सगळ्यांना सांगत फिरले असते.