उपासाची खिचडी

"उपाशीपोटी या," असं डॉक्टरांनी बजावलं आणि मी पहाटे उठून साबुदाण्याची खिचडी केली. एवढीच अक्कल होती मला तेव्हा. उपाशी म्हणजे उपास, आणि उपास म्हणजे खिचडी, रावेरची दोन केळी, वरून कपभर दूध. ह्यांच्या तोंडाला पोळीचा तुकडा लागू दिला नाही म्हणून धुळ्याच्या बसमध्ये मी मिरवत बसलेली.

आमच्या ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. सकाळी करायचं, संध्याकाळी घरी. दवाखान्यात नर्सबाई ह्यांना विचारायची आणि उत्तरं मी द्यायची. दुखतं कधीपासून, मी. गोळ्या कुठल्या, मी. "आबा, तयारी आहे ना?" तेही मीच, "हो तर, कडक उपास धरलाय." हे हिरवा झगा घालून भिंतीकडे बघत होते.

मग भूल देणारे डॉक्टर आले. स्टूल ओढून ह्यांच्यासमोर बसले. मला म्हणाले, "मावशी, जरा आबांना बोलू द्या." आणि ह्यांना, "आबा, सकाळपासून पोटात काय गेलं?"

"खिचडी, केळं, दूध," हे म्हणाले. जरा खुशीतच, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

भुलीत अन्न वर येऊन फुप्फुसात उतरतं, असं डॉक्टरांनी समजावलं. ऑपरेशन आठवडाभर पुढे गेलं. नर्सबाई फाईल तोंडाला लावून हसली. गावात मीच तो किस्सा रंगवून सांगत सुटले.

पुढच्या आठवड्यात कापूस वेचणी आली, मग भाचीचं लग्न, मग ह्यांचं "आता दुखत नही". घोळ माझाच, कुठल्या तोंडानं नेऊ, म्हणून मी गप्प राहिले. जन्मात एकदा गप्प राहिले, तेही तिथेच.

चार महिन्यांनी भर दुपारी हर्नियात आतडं अडकलं. जीपमध्ये ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर. मी एकच धरून बसलेली, माझ्या खिचडीनं घात केला, माझ्या खिचडीनं. ह्यांनी माझा हात दाबला. त्यानंतर दोनच दिवस राहिले, पण शुद्धीत बोलले ते एवढंच:

"रडू नको. खिचडी खावानी नही, हाई माले मालूम व्हतं. माले ऑपरेशननं भ्याव लागे, पन माले कोनी इचारंच नही."