मांडवीपर्यंतची पावलं

माझ्या चुलतसासऱ्यांच्या मते जगात रोग दोनच. एक न चालल्यामुळे होणारा आणि दुसरा कमी चालल्यामुळे होणारा. बाकी डॉक्टर लोकांनी जी लांबलचक नावं शोधून काढली आहेत, ती सगळी या दोघांची पोरंबाळं. रत्नागिरीला माझी बदली झाली तेव्हा ऐंशीचं दशक निम्मं सरत आलं होतं. घरोघर टीव्ही येऊ लागले होते आणि माणसं संध्याकाळची घरात बसायला शिकत होती. या बसण्याविरुद्ध अख्ख्या गावात एकच माणूस उभा होता आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा काका निघाला. मी घाटावरचा. बायकोच्या माहेरगावी बदली म्हणजे रोज आयता फणसपोळीचा तुकडा आणि दुपारची झोप, अशा भाबड्या समजुतीत मी सामान लावलं. पहिल्याच रविवारी पहाटे साडेपाचला कडी वाजली. दारात काका उभे. गुडघ्यापर्यंत येणारी खाकी अर्धी चड्डी, पांढरा सदरा, कॅनव्हासचे बूट आणि हातात छत्री. पाऊस संपून महिना झाला होता, पण छत्री पावसासाठी नव्हतीच, कुत्र्यांसाठी होती. "जावईबापू, उठा," काका म्हणाले. "तुमचा चहा व्हायचाय म्हणून सूर्य काही थांबायचा नाही." जावयाला इतक्या मानाने कुणी इतकं छळलं असेल असं मला वाटत नाही.

काका भूमापन खात्यात मोजणीदार होते. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी मंडणगडापासून राजापुरापर्यंतचे डोंगर आणि कातळ तुडवून लोकांच्या जमिनी मोजल्या, आणि त्यांच्या एकाही मोजणीत कुणाला कधी चूक सापडली नाही. हा त्यांचा एकुलता एक अभिमान, पण तो पुष्कळ होता. मंडणगडाकडे दोन भाऊ एका फणसावरून भांडत होते. काकांनी मोजणी करून हद्दीचा दगड रोवला, तो धाकट्याच्या बाजूने गेला. थोरल्याने तीनदा फेरमोजणी मागवली, तीन वेगवेगळे साहेब आले, आणि दगड होता तिथेच राहिला. "फणस हलेल एखादे वेळी, माझा दगड हलायचा नाही," हे त्या गोष्टीचं शेवटचं वाक्य. मी ती निदान अकरा वेळा ऐकली. दर वेळी फणस थोडा मोठा व्हायचा, पण दगड इंचभरही सरकला नाही.

निवृत्त झाल्यावर मोजायला जमीन उरली नाही, तेव्हा काकांनी गाव मोजायला घेतलं. मारुती मंदिराजवळच्या त्यांच्या घरापासून जयस्तंभ दोन हजार सहाशे चाळीस पावलं, आणि मांडवीच्या धक्क्याचं टोक पाच हजार एकशे वीस. हे आकडे ते दररोज नव्याने मोजून बघत. काल बरोबर आला म्हणून आज बरोबर येईलच असं मानायचं नाही, ही खात्याची शिस्त. त्यामुळे वाटेत भेटणाऱ्याची पंचाईत व्हायची. "काय काका, बरं आहे ना?" असं कुणी विचारलं की काका न थांबता म्हणत, "एक हजार चारशे बारा." गावाला त्याची सवय झाली होती. दूधवाला तर आकडा ऐकून आपल्याला किती उशीर झालाय ते ओळखायचा. मांडवीला पोचल्यावर धक्क्याच्या टोकाशी एक दगड होता, त्याला तळहात टेकवल्याशिवाय फेरी पुरी होत नसे. मोजणीदाराने दगडाला हात लावला की हद्द कायम, असं ते म्हणत. एकदा मी तीन पावलं अलीकडूनच वळलो. काकांनी मला सासरच्या माणसाला शोभेल इतक्या नम्रपणे परत नेलं आणि हात लावायला लावला.

त्यांचा दवाखाना या आकड्यांवरच चाले. पोट साफ होत नसेल तर मांडवी. रक्तदाबाला भाट्याचा पूल, कारण तिथे चढ नाही आणि वारा भरपूर. साखरेला थिबा पॅलेसची चढण. गुडघ्यांना भाट्याची वाळू, तीही अनवाणी. झोप येत नसेल तर पांढऱ्या समुद्राचा किनारा, जाऊन येऊन, आणि वाटेत कुणाशी बोलायचं नाही. शेजारच्या किराणावाल्याचं वजन फार वाढलं म्हणून काकांनी त्याला रोज किल्ल्यावर पाठवलं. दोन महिन्यांनी त्याचं वजन आणखी चार किलोंनी वाढलं. चौकशीअंती कळलं की किल्ल्याच्या वाटेवरच्या हॉटेलात बटाटेवडे ताजे मिळतात. काका अजिबात खचले नाहीत. "रस्ता बरोबर होता," ते म्हणाले, "मुक्काम चुकला." माझ्या स्कूटरला ते 'पळती खुर्ची' म्हणत. तिच्याकडे बघून मान हलवत, आणि मग माझ्या पोटाकडे बघून पुन्हा हलवत. खरं सांगायचं तर वर्षभरात माझं जुनं पित्त गेलं, पट्ट्याला आतल्या बाजूने दोन भोकं पाडावी लागली आणि दुपारच्या झोपेची आठवण येईनाशी झाली. हे मी त्यांना कधी कबूल केलं नाही. केलं असतं तर त्यांनी मला रविवारी पार पावस गावापर्यंत चालत नेलं असतं.

त्यांचं औषध सबंध गावात फक्त एका माणसाने घेतलं नाही, आणि ते माणूस त्यांच्याच घरात होतं. काकू चालायला जात नसत. "मी दिवसाला चार वेळा मांडवीला जाऊन येते," त्या म्हणत, "विहीर, चूल, वाडी, परत विहीर. फक्त समुद्र तेवढा दिसत नाही." चाळीस वर्षांच्या संसारात काकूंनी मांडवी पाहिली ती गणपती पोचवायला जाताना, तीही माणसांच्या डोक्यांवरून. काका रोज सकाळी निघताना विचारत, "येतेस काय गो?" काकू म्हणत, "चहा कोण टाकील?" बाकी त्यांच्यात सकाळी फारसं बोलणं नसे.

दिवाळीच्या आधी एका सकाळी काका मांडवीहून परत आले तर चहा उतू जाऊन स्टोव्ह विझला होता आणि काकू शेजारी पडल्या होत्या. अर्धांगाचा झटका. डावा हात आणि डावा पाय गेला. किती वेळ त्या तशा पडून होत्या ते कुणालाच कळलं नाही. काकांना मात्र एवढं ठाऊक होतं की त्यांनी दगडाला हात लावला तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "पुढचे तीन-चार महिने महत्त्वाचे. आता उभ्या राहिल्या तर चालतील. आता खाटेला खिळल्या तर मग मात्र कठीण आहे." काकांनी कॅनव्हासचे बूट कोनाड्यात ठेवून दिले. मांडवीला जाणं बंद झालं. दूधवाला मला दोनदा विचारून गेला, "काका गावाला गेले काय ओ?"

काका गावाला गेले नव्हते, ते घर मोजत होते. पुढच्या ओटीपासून माजघरातून मागच्या पडवीपर्यंत काकूंची सव्वीस पावलं होणार होती. "तिची दोन पावलं म्हणजे माझं एक," त्यांनी ठरवलं. म्हणजे मांडवी आली दहा हजार दोनशे चाळीस पावलांवर. पडवीत काकूंचा मसाला वाटायचा पाटा उभा होता, तो धक्क्यावरचा दगड. "चल गो, मांडवीला जाऊया," काका म्हणाले. काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझी थट्टा करता होय?" पण तिसऱ्या दिवशी त्या उठल्या. उजव्या हाताखाली काठी, डाव्या काखेत काकांचा खांदा. पहिल्या दिवशी नऊ पावलं झाली.

मी कचेरीतून येताना रोज तिथे डोकावत असे. ते चालणं ऐकण्यासारखं होतं. "हा आला मारुती मंदिराचा चौक," काका माजघराच्या उंबऱ्याशी सांगत, "उजवीकडून एसटी येतेय, सांभाळ." आणि काकू लगेच थांबत. "जाऊ दे हो ती आधी," म्हणत, आणि खुर्चीत बसून घेत. त्या वर्षी मारुती मंदिराच्या चौकातून जेवढ्या एसट्या गेल्या तेवढ्या पुन्हा कधी गेल्या नसतील. महिना गेला, दीड महिना गेला. आकडा दुसऱ्या दिवशी कालच्यापासून पुढे चाले. साडेचार हजारांवर एका संध्याकाळी काकू पडवीत मटकन बसल्या आणि रडायला लागल्या. "नाही जमायचं मला. कधीपासून चालतेय, अजून जयस्तंभसुद्धा येत नाही. तुमची मांडवी काही जवळ येत नाही हो." काकांनी पाण्याचा तांब्या आणून दिला आणि खूप वेळ पाट्याकडे बघत राहिले. त्या रात्री काकू जेवल्या नाहीत, आणि मला पहिल्यांदा वाटलं की आता ही बाई उठत नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर काकू चालत होत्या. काका हजार-शेकडे मनात धरून मोजत होते: "सतरा, अठरा, एकोणीस, चोवीस, पंचवीस." मी चमकलो. वय झालं, म्हटलं, जीभ घसरली असेल. परतीच्या फेरीत काका बेचाळीसवरून पन्नासवर गेले. पुढच्या दिवशी तर एका दमात तीस पावलं गिळली. काकूंना खुर्चीत बसवून ते ओटीवर आले तेव्हा मी हळूच म्हणालो, "काका, मधले आकडे राहतायत." त्यांनी माझ्याकडे फणसासाठी भांडणाऱ्या त्या थोरल्या भावाकडे बघावं तसं बघितलं. "जावईबापू," ते म्हणाले, "तुम्ही कचेरीत फायली मोजा. इथे मोजणीदार मी आहे." तीन फेरमोजण्यांत न हललेला माणूस स्वतःच्या घरात दिवसाढवळ्या हद्द सरकवत होता, आणि मी बघत होतो. मला हसू आलं नाही, हे नवलच.

जयस्तंभ झपाट्याने आला. रामआळीत काकूंनी कापडाच्या दुकानाशी बसायचा हट्ट धरला, "इथवर आलेय तर खण बघते," म्हणून. तोवर काखेतला खांदा सुटला होता, नुसती काठी उरली होती. पाय ओढत का होईना, पण आपला आपला पडत होता. माघातल्या एका संध्याकाळी काकांनी "दहा हजार दोनशे चाळीस" म्हटलं आणि काकूंनी वाकून पाट्याला हात लावला. काकांनी टाळी वाजवली, मीही वाजवली. काकूंनी पडवीबाहेर बघितलं. केळी होत्या, धुणं वाळत होतं. "आणि समुद्र कुठाय?" त्यांनी विचारलं.

म्हणून पुढच्या रविवारी आम्ही सकाळी रिक्षा केली. काकूंनी नऊवारी नेसली होती आणि त्या बाहेर बघत होत्या. "अजून जयस्तंभच?" त्या एकदा म्हणाल्या, तेव्हा काका एकदम दुसऱ्या बाजूला कुठल्याशा बोर्डाकडे बघायला लागले. मांडवीला उतरून धक्क्यावरची शेवटची दोन-अडीचशे पावलं त्या चालल्या. मी मागून घडीची खुर्ची घेऊन जात होतो. ती लागली नाही. ओहोटी होती, होड्या लांब गेल्या होत्या. काकूंनी दगडाला तळहात टेकवला आणि तसाच ठेवला. त्यांनी पाण्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "अहो, घरातली मांडवी जवळ होती. ही एवढी लांब कशी?"

काकांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "मोजणी चुकली माझी," ते म्हणाले.

बत्तीस वर्षं सरकारी नोकरीत जे वाक्य त्यांनी उच्चारलं नव्हतं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. काकू समुद्रावरून नजर न काढता म्हणाल्या, "असू दे हो. पोचले ना मी."

काकू त्यानंतर सहा वर्षं हिंडत्या-फिरत्या राहिल्या. सकाळचा चहा काका करू लागले. तो वाईट होत असे, पण काकू पीत. चहा झाल्यावर दोघं फाटकापर्यंत जाऊन येत, आणि मगच काका मांडवीला निघत, चांगलं ऊन वर आल्यावर. माझी बदली झाली आणि आम्ही परत घाटावर आलो. तिथे मी रोज चालतो, पण मोजत नाही. काकू गेल्या तेव्हा मला येता आलं नाही. वर्षभराने एका लग्नाला रत्नागिरीला गेलो, तर सकाळी मांडवीवर काका भेटले. खाकी चड्डी सैल झाली होती. बूट तेच होते की तसलेच दुसरे, कोण जाणे. "काय काका, बरं आहे ना?" मी विचारलं. मी आकड्याची वाट बघत होतो, पण ते नुसतंच "बरं आहे" म्हणाले. मला ते कसंसंच वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "घरापासून इथवर अजून पाच हजार एकशे वीसच होतात काय?"

"माझी तेवढीच होतात," काका म्हणाले. त्यांनी दगडाला हात लावला, आणि आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते बघून, हळूच म्हणाले, "तिची जरा कमी होती."