खाडीपलीकडचा फोन

बायकोचं माहेर कोकणातल्या एका लहान बंदरगावी. बाजार आणि धक्का खाडीच्या अलीकडे, सासऱ्यांचं घर पलीकडच्या वाडीत. गेल्या वर्षी सासरे पडले, म्हणून ती तिकडे जाऊन राहिली. वाडीत रेंज नाही. फोन करायचा तर होडीने धक्क्यावर यावं लागतं, एवढं तिने मला जाताना सांगितलं होतं.

पण फोनची वेळ रोज सरकायची. आज दुपारी, उद्या त्याहून उशिरा, पुढे तिन्हीसांजेला, मग एकदम सकाळीच. विचारलं की म्हणायची, "होडी सुटली नाही हो."

मी मोबाइलवर नकाशा काढून पाहिला. खाडी चांगली रुंद, निळीशार. पाणी आहे तर होडी का सुटणार नाही? इकडे जळगावात, मेहरूणला मोठा भाऊ चहा पिताना म्हणाला, "रोज नवा टाइम? काय भानगड शे रे भाऊ?" मी हसलो. त्याच आठवड्यात तिला न कळवता गाडीत बसलो.

धक्क्यावर पोचलो तर खाडीत नुसता चिखल. होड्या कुशीवर कलंडलेल्या. होडी चालवणारा तरवाला म्हणाला, "आता पाणी नाय. भरती लागली की सोडतो. भरती रोज थोडी उशिरा, तशी होडीपण."

आमच्या गिरणा नदीचं पाणी असं घड्याळ लावून येत-जात नाही. मला वाटलं, हाही तिला सामील. तो सांगत राहिला. पूर्वी इथे गलबतं लागायची, कौलं उतरायची, नारळ चढायचे. ती पडकी भिंत म्हणजे जकातीची कचेरी. मग गाळ भरला, हमरस्ता लांबून गेला, बंदर बसलं. हा माणूस मला बोलण्यात का गुंतवतोय, एवढंच माझ्या डोक्यात.

मग पाणी खरंच चढलं. पलीकडून होडी आली. तीत बायको, कानाला फोन. माझ्या खिशातला वाजला. तिने वर पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"तिकडे घरी आईंना काही झालं का?"

"नाही. सहज आलो."

"सहज? जळगावहून?"

परतीच्या होडीत मी तिला खरं काय ते सांगितलं. घर जवळ आल्यावर ती म्हणाली, "बाबांना यातलं काही सांगू नका. जावई भेटायला आला म्हणून त्यांना बरं वाटेल."

सासरे चालू लागल्यावर ती परत आली. भांडली नाही. पण आता घराबाहेर पडताना सगळं सांगते. भाजीला चाललेय, तिथून शिंप्याकडे, त्याचं दुकान बंद असेल तर उशीर होईल. पोचल्यावर फोन, निघताना फोन. मी काही विचारलेलं नसतं. "कशाला सांगतेस एवढं," म्हणालो, तर म्हणाली, "बरं असतं."

आणि इतकं सांगून ही काही लपवत तर नसेल, असं अजूनही माझ्या मनात येतं. हे मात्र मी तिला सांगितलेलं नाही.