सरांचा उपवास

आमचे सर काल गेले, आणि मला वाईट वाटलेलं नाही.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे माझ्याही आईने शिकवलंय. म्हणून काल गप्प होतो.

आज सकाळी देवपूजा करून उठलो आणि बॅचच्या ग्रुपवर तो फोटो पाहिला.
सर आमच्या बॅचच्या संगीताला शाल देताहेत. खाली लिहिलंय, "जातपात कधीच न मानणारा देवमाणूस."
त्याखाली सगळ्यांचे हात जोडलेले.

पाठोपाठ ॲडमिनचा फोन. "काका, तेराव्याला केडगावला जेवण आणि शोकसभा आहे. बॅचमध्ये तुम्हीच मोठे. दोन शब्द बोला."

(बॅचमध्ये मला सगळे काकाच म्हणत. कोपरगावला वकिली करता करता चाळिशीत ह्यूमन राइट्समध्ये एलएलएम करायची हुक्की आली होती.)

दोन शब्द इथेच लिहितो.

सर शिकवायचे छान. खोटं कशाला बोलू?
'डिग्निटी' हा शब्द ते असा उच्चारायचे की वर्गातला पंखासुद्धा हळू फिरतोय असं वाटायचं.
"ती कुणी देत नाही, म्हणून कुणी काढून घेऊ शकत नाही," म्हणायचे.

संगीता खर्ड्याकडची. पारधी वस्तीवरची.
तिच्या प्रबंधाचा विषयही वस्तीचाच. चोरी कुठेही होवो, पोलिसांची गाडी आधी इथेच का येते?

एलएलएमच्या व्हायव्हाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, बाहेरून परीक्षक येतात. त्या दिवशी त्यांचं आणि सरांचं जेवण विद्यार्थ्यांनी करायचं, असा आमच्याकडे अलिखित कायदा. सगळे हॉटेलातून मागवतात.
संगीता म्हणाली, "यंदा माझ्या घरचं."

तिच्या आईने पहाटे उठून बाजरीच्या भाकरी केल्या. हुलग्याचे शेंगोळे. ठेचा. मुद्दाम शाकाहारी, सरांना चालावं म्हणून.
जामखेडच्या एसटीत डबा मांडीवर घेऊन आली पोरगी.

पानं वाढली. परीक्षक बसले. सर उभेच.

"सर, बसा ना. आईनं केलंय."

"नको. माझा उपवास आहे."

मी आयुष्यभर एकादशी धरत आलोय. चतुर्थीही. त्या दिवशी पंचांगात कसलाच उपवास नव्हता.
आणि सकाळीच सरांनी आमच्यासोबत कँटीनमध्ये वडापाव खाल्ला होता. संगीता समोरच बसली होती.

ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती.
"सर, कसला उपास हाय? आमाला बी सांगा, आमी बी धरू."

सगळे हसले. परीक्षकही हसले, शेंगोळ्यांचा रस्सा ओरपत.
सर हसले नाहीत.

दुपारी तिचा व्हायव्हा झाला. मी दाराशीच होतो. आतून सरांचा आवाज आला,
"तुला बोलता येतं. कायदा येत नाही. पुढच्या वर्षी ये."
परीक्षकांनी खाली मान घालून सही केली. त्यांच्या बोटांना अजून तिच्या आईच्या ठेच्याचा वास असणार.

स्टँडवर सोडायला गेलो, तर आईचाच फोन आला. संगीताने स्पीकरवर घेतला.

"सायेब जेवला का गं?"

"जेवले ना. भाकर मागून घेतली."

"आन् पास झालीस का?"

"त्याला येळ लागतो, आई."

पुढच्या व्हायव्हाच्या आधीच ती माउली गेली.
साहेब जेवला, असं समजून गेली.

सरांनी संगीताचं वर्ष घेतलं, असं मी म्हणायचो. पण वर्ष पुन्हा येतं.

दुसऱ्या खेपेला संगीताने घरून साबुदाण्याची खिचडी आणली. झाकण उघडून सरांसमोरच ठेवली.
"सर, यंदा उपासाचंच केलंय."

"मला साबुदाण्याने ॲसिडिटी होते."

त्या वर्षी परीक्षक बाई होत्या. त्यांनी सरांकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. "मग तुमचा वाटा मला द्या," म्हणाल्या, आणि डबा पुसून खाल्ला. व्हायव्हाही त्यांनीच घेतला, सरांना मध्ये बोलू दिलं नाही.
संगीता पास झाली.

मग सर जागे झाले. सत्कार, हार, भाषण. "ही माझी विद्यार्थिनी." पुढे ज्या गावाला व्याख्यान, तिथे तिचं नाव.
ग्रुपवर फिरतोय तो फोटो त्या सत्काराचा.
मोठा करून बघा. शाल चिमटीत धरलीय.

आज दुपारी संगीताला फोन केला. जामखेडला वकिली करते आता.

"सर गेले गं."

ती म्हणाली,
"जाताना जेवले हुते का?"

मला हसू आलं नाही. तिलाही नाही.

"जाऊ द्या काका. मेलं ते माणूस. तुमी बोला चांगलं. शिकवलं तर हुतंच की त्यांनी."

"तू येतेस?"

"न्हाई. मी आले तर परत फोटो काढतील."

तर ॲडमिनसाहेब, तेराव्याला माझं पान वाढू नका.
उपवास आहे, असं सांगणार नाही. देवाला मध्ये घालून खोटं बोलायची विद्या मी त्या कॉलेजात शिकलो नाही.
यायचं नाही, म्हणून येणार नाही.
आणि त्या फोटोखालचं 'देवमाणूस' तेवढं काढा. देवाची बदनामी होते.

सर, तुमच्यासाठी आज हात जोडले, पण मागितलं वेगळंच.
वर संगीताची आई आहे. तुम्ही तिच्या हातचं जेवलात, असं तिला अजून वाटतंय. ओळखीचा साहेब म्हणून ती पुन्हा पान वाढेल.

तिच्या लेकीचं बोलणं खोटं ठरवू नका.
या वेळी बसा, आणि जेवा.