आनेकलची बस आणि रघूअण्णांची यादी

रघूअण्णांना मी खोटारडं ठरवलं होतं. सगळ्यांसमोर, नावानिशी.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रघूअण्णा आमच्या ऑफिसमधले सीनियर. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेलं मराठी घर. मराठी बोलताना मधेच कन्नड 'स्वल्प' (थोडं) नि 'सरी' (बरं) यायचं. नोकरी सांभाळून ते एका म्युझिक वेबसाइटवर रिव्ह्यू लिहायचे. दर डिसेंबरला तिथल्या क्रिटिक्सची 'वर्षातले बेस्ट अल्बम्स' ही यादी यायची. त्यातला एक अल्बम अण्णांच्या पसंतीचा असायचा.

आणि मी? मी सॉफ्टवेअर टेस्टर. संशय घ्यायचाच पगार मिळतो मला.

यादी आली की मी त्यांना कँटीनमध्ये गाठायचे. "अण्णा, हा नंबर तीन कुणाचा भाचा?"

ते हसायचे. "अगं, आधी ऐक तरी की."

दोन वर्षांपूर्वी त्यांनी निवडला बंगळुराजवळच्या आनेकलच्या मंजुळाचा अल्बम. मंजुळा गारमेंट फॅक्टरीत शिलाई करते. सहा कन्नड गाणी, घरीच रेकॉर्ड केलेली. एका गाण्यात मागे चक्क कुकरची शिट्टी.

मी म्हटलं, "हा बेस्ट अल्बम?"

"शिट्टी काढता आली असती तिला. तिने ठेवली," अण्णा म्हणाले.

"तुम्हाला कसं माहीत? ओळखता तिला?"

"नाही ग. कानाला कळतं."

माझा विश्वास बसला नाही. कारण त्याआधी दोन-तीन शनिवारी मी त्यांना पाहिलं होतं. माझा फ्लॅट इलेक्ट्रॉनिक सिटीत. खाली भाजी आणायला गेले की स्टॉपवर अण्णा दिसायचे, आनेकलच्या बसमध्ये चढताना.

पार दुसऱ्या टोकाला, हेब्बाळला राहणारा माणूस दर शनिवारी शहराच्या या टोकाला काय करतो?

एकदा विचारलं होतं. म्हणाले, "काम असतं स्वल्प." आणि दुसरीकडे बघायला लागले.

मी दोन आणि दोन चार केले. यादीच्या पोस्टखाली कॉमेंट टाकली: "क्रिटिकसाहेब रघूअण्णा दर शनिवारी आनेकलच्या बसमध्ये दिसतात. अल्बम तिथूनच मिळाला वाटतं!"

भराभर लाइक्स आले. पुढे लोकांनी काय काय लिहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. अण्णांबद्दलही, आणि त्या बाईबद्दलही.

वेबसाइटवाल्यांनी अण्णांना विचारलं, या गायिकेशी तुमचा काही संबंध आहे का? त्यांनी एका शब्दात उत्तर दिलं. 'नाही.'

बसबद्दल अवाक्षर नाही.

मला वाटलं, बघा, सापडला.

मी कँटीनमध्ये टेबल बदललं. ते लांबून मान हलवायचे. मी फोनमध्ये बघायचे.

पुढच्या डिसेंबरला यादी आली तेव्हा त्यांचं नाव पॅनेलवर नव्हतं. त्याच आठवड्यात ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज आला. अण्णा गेले. कॅन्सर.

आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

तेराव्याला हेब्बाळला त्यांच्या घरी गेले. दारात एक बाई उभी होती, नवऱ्याबरोबर. आत आली, हार घातलेल्या फोटोसमोर थांबली आणि कन्नडमध्ये विचारलं,

"हेच का ते?"

ती मंजुळा होती. वेबसाइटवर बातमी वाचून आलो, असं नवऱ्याने सांगितलं. अण्णांना तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. फोटोत.

खरं सांगते, तेव्हाही क्षणभर माझ्या मनात आलं, नाटक तर नसेल? इतकी मी सडले होते.

मी स्वयंपाकघरात जाऊन शैलाअक्कांना, त्यांच्या बायकोला, विचारलं. "अक्का, मग ती आनेकलची बस?"

"केमो असायची ग. त्याच रस्त्यावरच्या हॉस्पिटलात. ऑफिसात कळू द्यायचं नव्हतं यांना."

"माझी कॉमेंट..."

"वाचली की. मी म्हटलं, सांगून टाका एकदाचं. तर म्हणाले, सांगितलं तर लोक म्हणतील, आजारी माणूस, हळवा झाला, म्हणून आवडलं त्याला. त्या बाईचं गाणं फुकट जाईल."

अक्कांनी माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी अल्बम ऐकला. पहिल्यांदाच. हो, तोवर मी तो पूर्ण ऐकलाच नव्हता. पहिली चाळीस सेकंदं आणि ती शिट्टी, एवढ्यावर निकाल दिला होता.

आज सकाळी यंदाची यादी आली. सवयीने नावं वाचता वाचता कोण कुणाचं, हेच शोधत होते. संशय जात नाही. फक्त आता तो आधी स्वतःवर घेऊन बघते.

आणि आज 'ग्रेट क्रिटिक, मिस यू सर' लिहिणाऱ्यांनो, तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे लाइक्स त्या कॉमेंटवर आहेत. मी ती डिलीट केलेली नाही. जाऊन बघा. त्याखाली आज मी खरं काय ते लिहिलंय. वेबसाइटलाही मेल केलाय.

अण्णा, आरोप जाहीर केला होता, म्हणून माफीही जाहीर मागते. तुम्ही असताना मागायला हवी होती.

श्रद्धांजली वाहायचा हक्क मी तेव्हाच घालवला. नुसता नमस्कार करते. स्वीकारा.